भट्टीच्या नोंदीवरचे नाव

शहापूरजवळच्या आमच्या कारखान्याचे संगणक विदर्भातून आलेला एक तरुण सांभाळत असे. संगणकांच्या थंड खोलीत तो मे महिन्यातही स्वेटर घालून बसे आणि माझ्या प्रत्येक उत्तरावर "काहून, काका?" असे कारण विचारी. निवृत्त होण्याआधी मी वर्षानुवर्षे चालवलेल्या भट्टीविषयी जे जाणत होतो ते सारे त्याला सांगितले. त्याने ते माझ्याच शब्दांत, माझ्या नावाने कंपनीच्या अंतर्गत पोर्टलवर चढवले. आमच्या विभागाच्या साहेबांनी माझे नाव काढून तेथे स्वतःचे नाव घालण्यास त्याला फर्मावले.

तो शांतपणे म्हणाला, "घालतो, साहेब. पण भट्टी बिघडली तं लोकं तुमालेच फोन करतीन. सांगता येईन का?"

साहेब निघून गेले. नाव माझेच राहिले. महिन्याभरात त्याची बदली झाली. निरोप द्यायला मी बसथांब्यापर्यंत गेलो. असा मी कोणासाठी जात नाही.