एका डब्याचं वजन

गोठ्यात अकरा गाई होत्या आणि त्या अकराही जणींच्या पोटाची काळजी एकाच माणसाला होती. त्याला सगळे वैरणमामा म्हणत. या गोठ्यात तो कामाला लागला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होती; आता मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मधल्या चाळीस वर्षांत गाईंच्या तोंडी गेलेला एकही घास त्याच्या हाताखालून गेल्यावाचून राहिला नव्हता.

नव्या पोत्याचं तोंड उसवलं की मामा आधी चिमूटभर खाद्य जिभेवर ठेवी. डोळे मिटून चघळी, मग थुंकून म्हणे, "सरकी जुनी आहे," किंवा "मका ओला असताना भरडलाय." आणि ते खरं निघे. त्याची बायको आल्यागेल्याला सांगायची, "माझ्या भाजीत मीठ पडलंय की नाही हे यांना आजवर कळलं नाही. पेंडीतलं मात्र बरोबर कळतं!"

बाकीचं तो गाईंकडे बघून ओळखी. सकाळी गोठ्यात शिरताना आधी खाली बघायचं, शेणाकडे; मग डावीकडच्या कुशीकडे, ती खपाटीला गेलीय की भरलीय; आणि शेवटी तोंडाकडे. गाय निवांत बसून रवंथ करत असेल तर तो चक्क मोजत उभा राही. एका घासाला पन्नास-साठ वेळा जबडा फिरला की समाधानाने पुढे सरके. चाळिशीच्या आत घास गिळला गेला, तर दिवसभर त्याच्या कपाळावरची आठी जात नसे.

आणि त्याचा डबा. बिस्किटांचा, गोल, एका बाजूला पोचा आलेला. त्याला कडी मामाने स्वतः बसवून घेतली होती. भुसा, चुणी, मक्याचा भरडा आणि पेंड कोरडीच मिसळून केलेल्या आंबोणाचा काठोकाठ भरलेला डबा म्हणजे बरोबर एक किलो. हिला तीन डबे, तिला पाच, आटलेलीला दीड, असा सगळा हिशेब त्याच्या तोंडपाठ होता.

धाकात ठेवणाऱ्या मालकीणबाईंचे गुडघे धरले आणि गोठा सूनबाईंकडे आला. सूनबाई बोलायला मऊ, पण कामात पक्क्या. सहा महिने त्या नुसतं बघत होत्या. मग एके दिवशी नव्या खाद्याची पोती उतरली. हे खाद्य दाबून केलेल्या गोळ्यांचं होतं, करंगळीच्या टोकाएवढ्या एकसारख्या गोळ्या. पोत्यांबरोबर एक ताणकाटाही आला, आकडा आणि तबकडीचा.

"मामा, हे डब्याने नका घालू," सूनबाई म्हणाल्या. "तोलून घाला. आणि एकदम नको. आठ-दहा दिवस थोडं थोडं वाढवत न्यायचं."

"हो तर," मामा म्हणाला.

तीन दिवस त्याने इमानेइतबारे तोललं. चौथ्या दिवशी दूध न्यायला आलेला दूधवाला दारातच थबकला.

"अरे वा! मामा, दुकान टाकलंत की काय? मला पाव किलो साखर बांधा बरं!"

गोठ्यातली दोन माणसं हसली. मामाही हसला, पण कानाच्या पाळ्या तापल्या. दूधवाला गेल्यावर त्याने ताणकाटा खुंटीला अडकवला आणि डबा हातात घेतला. चाळीस वर्षांचा हात; त्याला काट्याची काय गरज? आणि थोडं थोडं वाढवायचं म्हणजे किती दिवस? गाई तर चाटूनपुसून खात होत्या.

पहिले दोन दिवस दूध वाढलं. सूनबाई खूश, मामाही मनातून खूश. चांदणीने तर सगळ्यांना मागे टाकलं.

चांदणी ही कपाळावर पांढरा ठिपका असलेली तांबूस गाय. तिची आई तिला जन्म देऊन दुसऱ्याच दिवशी गेली. मामाने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं, आणि आता बारा दिवसांपूर्वी ती पहिल्यांदा व्याली होती. पहिलटकरणीला मामा रोज एक डबा जास्तीचा घालायचा, कुणाला न सांगता. बायकोला मात्र सांगायचा. "माहेरचा घास आहे गं. तो मोजायचा नसतो."

डबा हाती घेतल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी मामा गोठ्यात शिरला, खाली बघितलं आणि पाय जागीच थांबले. चांदणीच्या मागे शेणाचा पो नव्हता. राखी रंगाचं पातळ पाणी होतं आणि त्यावर बुडबुडे. ती गव्हाणीपासून जितकी लांब जाता येईल तितकी लांब उभी होती. मान खाली, कान लोंबलेले. तोंड हलत नव्हतं. मामाने तिच्या नाकापाशी नाक नेलं तर आंबट वास आला.

सूनबाई धावत आल्या. मागोमाग काठी टेकत मालकीणबाई.

"बघितलंस?" बाई दारातूनच कडाडल्या. "म्हणत होते ना मी? चाळीस वर्षं भुशा-चुणीवर गाई धडधाकट राहिल्या. हिला हौस! औषधाच्या गोळ्या असाव्यात तशा गोळ्या चारतेय जनावरांना!"

सूनबाई मामाकडे वळल्या. "मामा, तोलूनच घातलंत ना?"

मामाच्या तोंडून शब्द आपोआप गेला. "हो तर."

गुरांचे डॉक्टर आले. चांदणीच्या कुशीवर मूठ दाबून बघितली, कान लावून ऐकलं. "किती खाद्य घालता हिला?"

"दिवसाला चार किलो," सूनबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी मामाकडे पाहिलं. मामाने मान हलवली.

"लक्षणं जास्त खाल्ल्याची आहेत. पण चार किलोत असं व्हायला नको." डॉक्टर विचारात पडले. "मग खाद्यातच काही असेल. बुरशी वगैरे. तसं असेल तर उपचार वेगळा करावा लागेल. हे मूठभर तपासायला नेतो. तीन वाजता येतो, तोवर काही घालू नका. पण एक सांगतो, संध्याकाळपर्यंत नेमकं काय ते कळायला हवं. ती बसली आणि उठली नाही, तर माझ्या हातात फार राहणार नाही."

ते गेल्यावर मालकीणबाईंनी निकाल देऊन टाकला. "पोती परत पाठव. आणि गोठ्याचं उद्यापासून मी बघते. तू घरात बघ."

सूनबाई पाण्याची बादली उचलून निघून गेल्या. त्यांची पाठ मामाला दिसली. ती पाठ ताठ होती, आणि त्यामुळेच बघवली नाही.

दुपारी गोठ्यात कुणी नव्हतं. मामाने गोळी जिभेवर ठेवली. कडू नाही, कुबट नाही. दुसऱ्या पोत्यातली चाखली, तिसऱ्यातली चाखली. चांगलं, ताजं खाद्य होतं. मग त्याने इतर गाईंमागे बघितलं. सकाळी चांदणीपुढे दुसरं काही दिसलंच नव्हतं. चारपाच जणींचं शेण नेहमीपेक्षा सैल होतं.

त्याने खुंटीवरचा ताणकाटा काढला, डबा गोळ्यांनी काठोकाठ भरला आणि कडी आकड्यात अडकवली. डबा वेगळा तोलून ते वजन वजा केलं. एक किलो सहाशे ग्रॅम. काटा बिघडला असेल म्हणून पिंपाच्या तळातलं जुनं आंबोण भरून तोललं. बरोबर एक किलो.

भुसा फुगीर असतो, गोळी दाबलेली असते. एवढंच. डबा तोच, हात तोच, आणि घास मात्र दीडपट झाला होता. चांदणीचे चार डबे आणि माहेरचा एक. मामाने बोटांवर आकडा केला. आठ किलो, आणि तेही पोटाला सवय होऊ न देता.

तो उलट्या घमेल्यावर बसून राहिला. बायको भाकरी घेऊन आली तेव्हाही तसाच होता. त्याने तिला सगळं सांगितलं.

"आता काय?" ती म्हणाली.

"बाई काय म्हणतील? चाळीस वर्षं झाली. आणि मी खोटं बोललो, सूनबाईंच्या तोंडावर."

"ते झालं. चांदणीचं काय?"

"जीभच उचलत नाही गं."

"मग एवढी वर्षं ती जीभ कशाला सांभाळलीत? पेंड चाखायला?" तिने भाकरीचं फडकं पुन्हा बांधलं. "आधी सांगून या. मग जेवा."

तीन वाजता डॉक्टर आले, तेव्हा मामा गव्हाणीपाशी उभा होता, एका हातात डबा, दुसऱ्या हातात ताणकाटा. मालकीणबाई खुर्चीवर होत्या, सूनबाई चांदणीच्या मानेला हात लावून.

"डॉक्टर, चार नाही. आठ," मामा म्हणाला. "मी तोललं नाही. डब्याने घातलं, आणि हिला एक वर. खाद्य चांगलं आहे. चूक खाद्याची नाही, सूनबाईंची नाही. माझी आहे."

मग डॉक्टरांनी पिशवी उघडली. "बरं झालं सांगितलंत. पोटात आंबलंय सगळं. खाण्याचा सोडा आणा, कोमट पाणी आणा. आणि चांगला सुका कडबा. तीन दिवस त्याशिवाय काही नाही."

सोड्याचं पाणी पाजताना चांदणीची मान मामानेच धरली. "तरी म्हटलं," मालकीणबाई पुटपुटल्या, "आजवर डबा भरताना हा खाली बघायचासुद्धा नाही, काट्याने कुठला तोलतोय." आणि काठी टेकत उठल्या. दारात थांबून, मागे न बघता म्हणाल्या, "सूनबाई, पोती राहू देत. गोठाही."

डॉक्टर गेल्यावर सूनबाई म्हणाल्या, "सकाळी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत, मामा?"

"लाज वाटली."

"आणि मला किती ऐकावं लागलं!"

"तेच बघवलं नाही," मामा म्हणाला. सूनबाईंनी बादली उचलली. या वेळी मात्र दुसरी बादली मामासाठी तिथेच ठेवली.

दुसऱ्या दिवशी चांदणीने कडब्याच्या दोन काड्या ओढल्या आणि टाकून दिल्या. मामा तिच्यापासून हलला नाही. जेवणही तिथेच मागवलं. बायको म्हणाली, "आता त्या कडब्यात मीठ बरोबर आहे का तेही बघा!" तो हसला नाही.

त्या दिवशी त्याने एक काम केलं. डब्यात एक किलो गोळ्या तोलून घातल्या, हलवून सपाट केल्या आणि खिळा सूनबाईंपुढे धरला. "रेघ तुम्ही मारा. माझा हात सवयीने वर जाईल."

रेघ डब्याच्या मध्याच्या जराशीच वर आली. मामा तिच्याकडे बघत राहिला. एवढंसं वाटत होतं ते, एखाद्या गाईसाठी. "पोतं बदललं की पुन्हा तोलायचं," सूनबाई म्हणाल्या, "आणि नवी रेघ मारायची."

"हो तर," मामा म्हणाला, आणि मग स्वतःच थांबला. "म्हणजे, खरंच."

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गोठ्यात शिरला, तर सूनबाई आधीच तिथे उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. चांदणी बसली होती. तिच्या गळ्याखालून एक गोळा वर सरकला आणि जबडा सावकाश फिरू लागला.

दोघंही मनात मोजू लागले. दूधवाला दारात आला आणि त्यांचे चेहरे बघून मुकाट उभा राहिला. चांदणीने घास गिळला.

"बावन्न," मामा हलकेच म्हणाला.

"त्रेपन्न," सूनबाई म्हणाल्या.

मामाने डोळे पुसले, बाहीनेच. "तुमचेच धरू," तो म्हणाला, आणि बाकीच्या गाईंसाठी डबा घेऊन पिंपाकडे वळला. खुंटीवरून ताणकाटा काढताना त्याने दूधवाल्याकडे पाहिलं. "बोला, किती साखर बांधू?"