नोंदवहीवरचा हात

“तुम्ही त्यांचे कोण?”

मुरुडजवळच्या आमच्या लहानशा रुग्णालयात कोणी दुसऱ्याच्या दुखण्याची चौकशी करायला आलं, की कारकूनकाका आधी उघड्या नोंदवहीवर पंजा पसरत आणि मग हा प्रश्न विचारत. “भाऊ” असं उत्तर आलं तर म्हणत, “मग भावालाच विचारा की.” असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याच्यामुळे कामं अडतात असं सगळे म्हणतात, आणि स्वतःचं दुखणं घेऊन मात्र त्याच्याकडेच जातात.

शेजारीण दवाखान्यात कशाला आली होती, असं एकदा त्यांच्या बायकोने जेवताना विचारलं. काका म्हणाले, “तू तिची कोण?” पुढे दोन दिवस घरात चहा मिळाला नाही, हे त्यांनीच आम्हांला सांगितलं. शेजारणीला काय झालं होतं, ते मात्र आम्हांलाही सांगितलं नाही.

मी तिथे नर्स होते. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नचा काळ. क्षयाचं नाव काढलं तरी लोक उंबऱ्याबाहेर थांबायचे. खाडीपलीकडची एक कोळ्याची मुलगी सुई घ्यायला यायची. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन निघायची, म्हणजे गावाला वाटावं बाजाराला चाललीय. खोकला थांबला होता, अंग भरू लागलं होतं. लग्न ठरलं होतं. होणाऱ्या नवऱ्याला तिने स्वतःच सगळं सांगितलं होतं. त्याच्या घरच्यांना ठाऊक नव्हतं. “अजून काही महिने सुई चुकवू नकोस,” डॉक्टर तिला बजावत.

रजेवर मी नागावला मावशीकडे गेले. बोलता बोलता कौतुकाने सांगून बसले, “आमच्याकडची एक मुलगी क्षयातून कशी उठली बघ! आता लग्न आहे तिचं.” आणि नाव घेतलं. मासळी घालायला आलेली कोळीण पडवीत बसली होती. ती त्या होणाऱ्या नवऱ्याचीच आत्या निघाली.

आठवड्यात लग्न मोडलं. मुलीचा बाप रुग्णालयात आला. ओरडला नाही. “आमच्या पोरीचं नाव भायेर कुनी नेलं?”

काकांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं. मग ते उठले आणि बापापुढे हात जोडून म्हणाले, “दप्तर माझ्या ताब्यात आहे. चूक माझी.”

“तुमच्यावर इस्वास ठेवलेला,” एवढंच बोलून तो गेला. मी तिथेच उभी होते.

मुलगी यायची थांबली. काका दोन रविवार होडीने तिच्या गावी गेले. कोणी दार उघडलं नाही. पाऊस सरता सरता ती क्षयाने गेल्याचं कळलं. बापाच्या तक्रारीवरून काकांची बदली महाडच्या बाजूला झाली.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते वळकटी बांधत होते.

“मी डॉक्टरांना सगळं सांगते,” मी रडत म्हणाले.

“सांगा. बदली टळेलही.” त्यांनी दोरीची गाठ आवळली. “ती काय परत येणार आहे, ताई?”

मी सांगितलं. डॉक्टरांनी वर लिहिलंही. पण काकांनीच परत येणं नको म्हणून कळवलं. मुलीच्या बापाकडे जायचं धैर्य मात्र मला आजवर झालेलं नाही.

नवा कारकून नावं मोठ्याने पुकारायचा. तिचं नाव आमच्या किनाऱ्यावर घरोघरच्या मुलींचं. ते कानावर पडलं की हातातली सुई तशीच राहायची आणि मी दाराकडे बघायचे. दर वेळी दुसरीच कोणीतरी आत यायची.