मामांनी विचारलेलं वजन

फोन वाजला तेव्हा मी चढाच्या मधोमध होते. पर्समध्ये तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. मी उचलला नाही. चढावर थांबायचं नाही, हा मामांचा नियम. "थांबलीस की गाडी पुन्हा उठवायला दुप्पट जोर लागतो, सुमे. आभाळ कोसळलं तरी वर जाऊन थांब." म्हणून वर गेले, शाळेच्या फाटकाशी गाडी लावली आणि मग पाहिलं. दौंडहून दिलीपचे, माझ्या मामेभावाचे, चार मिस्ड कॉल. मी उलट फोन लावला. "ताई, बाबा गेले... छातीत दुखतंय म्हणाले, आन् मी पाणी आणेपर्यंत..." पुढचं मला ऐकू आलं नाही. रडूही आलं नाही. राग आला. पाच आठवडे झाले, तो अजून उतरलेला नाही.

दहावा भीमेच्या काठी झाला. श्रद्धांजलीला एक गृहस्थ उभे राहिले. आपल्याकडे दहाव्याला माइक हातात आला की माणसाला तो सोडवत नाही. ते म्हणाले, "मामा म्हणजे एकदम जुगाडू माणूस. भंगारातलं काहीही चालवून दाखवायचे." चारजणांनी माना डोलावल्या. जुगाडू? अहो, ज्या माणसानं रेल्वेत इलेक्ट्रिक फिटर म्हणून उभा जन्म काढला, ज्यानं पातळी बघायची पाण्याची नळी घेऊन माझ्या शाळेच्या चढाची उंची हात-हात मोजली, वहीत उतरवली, त्याला जुगाडू म्हणता? मी शिक्षिका आहे. वहीत चूक दिसली की हात शिवशिवतो. तिथं काही बोलले नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. कॅलिपर घालून चालते. निमोण्यात खोली घेऊन राहते, शाळा वरच्या वस्तीवर. अडीच किलोमीटर, त्यातलं शेवटचं अर्धं नुसतं चढाचं. कितीतरी वर्षं कुणा ना कुणाच्या मोटरसायकलवर मागं बसून, त्याच्या सवडीनं गेले. त्याचा म्हैस धुवायचा दिवस असला की माझी शाळा उशिरा! मग या विजेच्या दुचाकी गाड्या आल्या. हलकी गाडी, किक नाही, लायसन नाही, खटका दाबला की निघाली. शिरूरच्या दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं, "मॅडम, भिंतीवरसुद्धा चढेल." पहिल्याच सोमवारी ती चढाच्या पायथ्याशी, पिठाच्या गिरणीसमोर, दहा हात जाऊन बसकण मारून बसली. पुन्हा दुकानात गेले, तर तोच माणूस माझ्या पायाकडे बघत म्हणतो, "चढाला उतरून थोडं ढकलायचं हो, मॅडम."

रोज सकाळी गिरणीपाशी पाच-सहा जण टेकलेले असायचे. "बाई, ढकलू का?" विचारताना एक जण दुसऱ्याला कोपर मारायचा. ढकलायचे, आणि मग दिवसभर ते सगळ्या गावाला सांगायचे. मुख्याध्यापकांनी एकदा समजुतीनं घेतलं. म्हणाले, "सपाटीवरची एखादी शाळा मागून घ्या ना, बाई. उगाच हाल कशाला?" ही शाळा मी चार पोरांवरून एकोणतीस पोरांवर आणली होती. चढ चढता येत नाही म्हणून ती सोडायची? त्या दिवशी मी दौंडला फोन लावला आणि मामांवरच ओरडले. दुसऱ्या कुणावर ओरडणार?

मामा रविवारच्या पहिल्या एसटीनं आले. अंगानं काटकुळे, खांद्याला हत्यारांची पिशवी. गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या, मागचं चाक हातानं फिरवलं, म्हणाले, "मोटर चाकातच बसवल्याली हाय. पळायला ठीक, पर वढायला न्हाई. तिला चाकातनं भाईर काढायची, साखळी लावायची, मागं मोठं दात्याचं चक्कर बसवायचं. वेग इकायचा आन् जोर घ्यायचा. दोन्ही पायजे म्हणशील तर मिळायचं न्हाई." मग गिरणीपाशी, त्या सगळ्या टेकलेल्या मंडळींसमोर, खणखणीत आवाजात त्यांनी विचारलं, "वजन किती गं तुझं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका पायानं चालणारी बाई, तिचं वजन वाढायला काय लागतं? सगळ्यांचे कान टवकारलेले. मी म्हणाले, "पंचावन्न."

मामांनी वहीत लिहून घेतलं. "मी अठ्ठेचाळीस. म्हंजी वर सात किलो वाळू घेतली की तू झालीस. कॅलिपर आन् वह्यांची पिशवी येगळी धरतो." टेम्पोत घालून गाडी दौंडला नेली. नदीकडून वर येणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा त्यांनी पाण्याच्या नळीनं मोजून हुडकला, माझ्या चढाएवढाच उभा. तिथं मागच्या सीटवर वाळूची गोणी ट्यूबच्या पट्टीनं बांधून ते खाली-वर, खाली-वर करत राहिले. गाडी झकास चढली. निमोण्याला आणली, मी बसले... आणि शेवटच्या वळणावर, बाभळीपाशी, ती कण्हून थांबली. खालून हसण्याचा आवाज आला.

असं तीनदा झालं. तीन महिने. दर वेळी टेम्पो, दर वेळी मामा काहीतरी बदलून आणायचे. कधी जाड वायरी टाकल्या, कधी साखळी. नदीच्या चढाला गाडी चढायची, माझ्या चढाला रडायची. एकदा बाभळीपाशी बसून त्यांनी वही मांडीवर घेतली. घामानं सदरा चिकटलेला. म्हणाले, "गाडी खोटं बोलत न्हाई, सुमे. हिशोबच कुठंतरी खोटा हाय." मी समोर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. तिथं गिरणीवालेही नव्हते, नुसती बाभळ होती. आणि मी काय बोलले? "मामा, तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या. मी बदली मागते." त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं आणि वही बंद केली. "तेवढं करू नगंस. अजून एक डाव बघू."

पुढच्या शनिवारी मी दौंडला गेले. मामा म्हणाले, चल, ठेसनात चहा पिऊ. त्यांच्या ओळखीचा एक जण पार्सल ऑफिसात होता. "हितं उभी ऱ्हा जरा, मी आलोच," म्हणून मला एका लोखंडी पत्र्यावर उभं करून ते आत गेले. बाहेर आले, चहा पाजला, स्पेशल, वर खारी. पंधरा दिवसांनी गाडी आली, मागं आणखी मोठं चक्कर घातलेलं. सपाटीवर आता सायकलवालासुद्धा पुढं जायचा, पण गाडी गिरणीवरून, बाभळीवरून, म्हशीच्या चालीनं वर गेली ती थेट फाटकाशी. गिरणीवाल्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मी वरून ओरडले, "मामा, चढली!" ते खालून हात हलवत होते. काय बदललं विचारलं, तर म्हणाले, "माझीच चूक व्हती." मी मान डोलावली. निर्लज्जपणे डोलावली.

तेराव्यानंतर दिलीप मागची शेड आवरत होता. मीही हाताखाली होते. "ताई, ही वाळू कुंड्यात टाकू का?" त्यानं गोणी ओढली. तिच्यावर ऑइलपेंटनं ठळक सात लिहिलेला, त्यावर काट, आणि खाली वीस. अठ्ठेचाळीस आणि वीस... मला पार्सल ऑफिसातला तो लोखंडी पत्रा आठवला. तो पत्रा नव्हता. जमिनीत बसवलेला काटा होता, मालाची पोती तोलायचा. त्यांना कळलं होतं. दिलीप म्हणत होता, "बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, सुमीला तीन महिने उगाच तरसवली, वजन धरायला मीच चुकलो..."

काय हक्क होता त्यांना असं वागायचा? चांगली कानाखाली वाजवायची होती माझ्या. "खोटारडे" म्हणायचं होतं. त्यांच्या जागी मी असते तर वर्गासमोर उभं केलं असतं. पण नाही, स्वतःच्या हिशोबावर चुकीचा शिक्का मारून घेतला आणि मला खारी खाऊ घातली! तीन महिने त्या नदीच्या चढाला, जोडणी जमेपर्यंत गाडी बंद पडली की अठ्ठेचाळीस किलोचा म्हातारा ती ढकलत वर आणायचा. डॉक्टर म्हणतात, त्याचा काही संबंध नाही, छातीचं दुखणं जुनंच होतं. मामीकडे माझ्यानं बघवत नाही.

दिलीपच्या हातातून गोणी मी हिसकावून घेतली. त्याला वाटलं, ताईचं डोकं फिरलं. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "वाळू घेऊन कुठं निघालात, बाई? निमोण्यात वाळू नाही का?" त्याच्यावरही खेकसले. आता ती माझ्या खोलीत, गाडी चार्जिंगला लावते त्या बोर्डाखाली आहे. रात्रभर दोघी शेजारी असतात. सकाळी वायर काढताना सातावरची ती काट दिसते आणि माझा दिवस तिथूनच सुरू होतो.

हे पेपरच्या पुरवणीत छापून येईल. गिरणीवर पुड्या बांधायला हाच पेपर येतो, म्हणजे तिथंही वाचतील. वाचू देत. मामा, अडुसष्ट. माझं वजन अडुसष्ट किलो आहे. तुम्ही विचारलं होतंत.