राज्य आलंय की यायचंय: बाबा आणि दानीकाका

माझ्या लग्नाचं जेवण देवाच्या राज्यामुळे थंड झालं.

खोटं वाटत असेल तर माझ्या सासरच्यांना विचारा. ते अजून विसरलेले नाहीत.

आज बाबांना जाऊन एक वर्ष झालं. सकाळपासून रडायचं ठरवलं होतं, पण आठवतंय ते सगळं हसायचंच.

माझ्या ख्रिस्ती नसलेल्या फ्रेंड्ससाठी आधी सांगते. देवाचं राज्य म्हणजे जिथं त्याच्या मनासारखं सगळं होतं. कोणी उपाशी नाही, कोणी कोणाशी वाकडं नाही, मेलेले परत भेटतात.

ते राज्य येशूबरोबरच आलं, आता आपण त्यात राहायचं, असं काही जण मानतात. ते अजून यायचंय, येशू परत येईल तेव्हाच, असं काही जण मानतात. दोन्ही आहे, असं शहाणे लोक म्हणतात.

आमच्या घरात शहाणं कोणी नव्हतं.

बाबा खर्डीला भातशेती करायचे आणि राज्य यायचंय म्हणायचे. त्यांचा धाकटा भाऊ, आमचे दानीकाका, मुरबाडला पंखे-मिक्सर रिपेअर करतात आणि राज्य आलंय म्हणतात. एवढ्यावरून काकांनी मंडळी, म्हणजे चर्चसुद्धा बदललं. दर सणाला जेवणं आटोपली की हे दोघं अंगणात सुरू.

"आलंय तर दिसत का नाय रे?"

"दादा, चष्मा पूस जरा."

तर माझं लग्न.

आमच्यात ताटं वाढून झाली तरी प्रार्थना होईपर्यंत कोणी घासाला हात लावत नाही. घरातला मोठा प्रार्थना करतो, आणि कोणाला वाटलं तर तो आमेनच्या आधी आपले दोन शब्द जोडतो.

बाबांनी सुरुवात केली. मटण-भाताची वाफ वर येत होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. "प्रभू, तुझ्या येणाऱ्या राज्यात आमी असेच एका पंगतीला बसू..."

काकांनी जोडलं. "आनि प्रभू, ते राज्य आत्ता या मांडवात आलेलंच हाय, म्हणून तुझे आभार."

बाबा डोळे न उघडता, "प्रभू, जगात किती दुःख हाय ते तुला ठाऊक हाय. ते अजून आलेलं नाय."

"प्रभू, काही जणांचे डोळे उघड."

"प्रभू, काही जणांना धीर दे."

प्रार्थना चालू असताना कोणी कोणाला गप्प कसं करणार? आणि जो आमेन म्हणेल तो हरला, हे दोघांनाही माहीत. माझ्या नवऱ्याच्या पोटात कावळे ओरडत होते, ते मला शेजारी बसून ऐकू येत होतं.

शेवटी रूथआत्या, म्हणजे ह्या दोघांची सापगावची बहीण, जोरात ओरडली. "आमेन! जेवा रे आता सगळे!"

अख्खा मांडव हसला.

बाबा नाही हसले. मुलीच्या लग्नात पाहुण्यांसमोर धाकट्यानं हसं केलं, हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्यांनी काकांशी बोलणंच टाकलं. काका दोनदा घरी येऊन गेले, बाबा मागच्या दारानं शेतावर. आत्यानं समजावलं तर म्हणाले, "राज्यात भेटंल तेव्हा बोलीन."

"राज्यात बोलशील नि इथं मुका का रे?" आत्या म्हणाली.

मग बाबा आजारी पडले. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या.

मला एकच भीती. हे असेच न बोलता जातील. बाबा बोलवायला तयार नाहीत, आणि काकांचं म्हणणं, दोनदा तोंडावर पडलो, आता बोलावल्याशिवाय येणार नाही.

आत्यानं माझ्यासमोर मुरबाडला फोन लावला. स्पीकरवर.

"दानी, तुझं राज्य आलंय ना?"

"हो गो. का?"

"मंग त्या राज्यात रुसून बसतात का? निघ, खर्डीला ये."

काकांनी फोनच ठेवला.

दुपारी काका बाइकवरून आले. हातात सुकटीची पुडी, कारण बाबांना आवडते. बाबांनी त्यांना पाहिलं, तोंड भिंतीकडे वळवलं, आणि भिंतीलाच म्हणाले, "कांदा जास्त टाकायला सांग."

मी किचनमध्ये पळाले. तांदळाची भाकरी, सुकट, एकच ताट. काका बाबांना बारीक घास करून भरवत होते आणि मधेमधे स्वतः खात होते.

काकांना राहवेना. "दादा, दोघं भाऊ एका ताटात. आता तरी म्हण, आलं राज्य."

बाबांनी सावकाश घास गिळला.

"ही सुकट हाय. राज्य नाय."

दोघं इतके हसले की बाबांना ठसका लागला आणि मी काकांना ओरडले. त्यानंतर काका मुरबाडला गेलेच नाहीत. दुकान बंद ठेवून बाबांच्या उशाशी राहिले. वादही रोज. बाबा शेवटपर्यंत हरले नाहीत.

दफनाच्या वेळी चर्चच्या पाळकांनी प्रार्थना केली. मूठमाती झाली. मग घरच्यांतर्फे काकांनी प्रार्थना करावी असं ठरलं.

काका पुढे आले. राज्य आलंय म्हणून जन्मभर भांडलेला माणूस. डोळे मिटले.

मग म्हणाले, "प्रभू, तुझं राज्य लवकर आण. लय लवकर आण. मला माझा दादा बघायचाय."

आज मीही तेच मागते आहे.

तुमची खूप आठवण येते, बाबा. भेटू.