भट्टीवरचे गंगाधरभाऊ

परवा पोलाद कारखान्याच्या सभेत माझ्या शेजारी गंगाधरभाऊ बसले होते. उभं आयुष्य भट्टीवर काढलेला हा माणूस आता चार शब्द बोलला तरी धापा टाकतो. आसपासचे तीन कारखाने मिळून पाण्यापासून हायड्रोजन तयार करणार, मग भट्टीला कोळसा लागणार नाही, धूर जवळजवळ थांबेल, असं साहेब समजावत होते. भाऊंनी हात वर केला.

"साहेब, कधी?"

"सात-आठ वर्षं तरी लागतील, काका."

भाऊ बोटांवर काहीतरी मोजू लागले आणि मध्येच थांबले. मग सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. चांगली गोष्ट येते तेव्हा कोणीतरी तिच्या आधीच संपलेलं असतं. माझे हात मांडीवरच राहिले.