टाकीची बरोबरी

दातांच्या डॉक्टरकीच्या त्या हॉस्टेलात त्याला खऱ्या नावानं हाक मारणारं एकच माणूस होतं, फोनवरची त्याची आई. बाकी सगळ्यांचा तो टाकी. कितीही ओता, गडी डुलायचा नाही, अशी त्याची ख्याती होती.

ही ख्याती त्याला मिळाली ती चक्क खरकट्या ग्लासांमुळे. टाकीच्या वडिलांची बसस्टँडजवळ छोटी खानावळ होती. कुठेही बसला तरी आजूबाजूचे रिकामे ग्लास गोळा करून आपल्यापुढे मांडायचे, ही त्याची लहानपणापासूनची खोड. पहिल्या वर्षी सीनियरांनी नव्या मुलांना पार्टी दिली, तेव्हा हा पठ्ठ्या एकच ग्लास धरून कोपऱ्यात बसला होता आणि तोही त्याला संपता संपत नव्हता. हातांना काही काम हवं म्हणून त्यानं ग्लास गोळा केले. तेवढ्यात एक सीनियर तिथं आला. पाहतो तर पोरापुढे रिकाम्या ग्लासांची रांग आणि पोरगा ताठ बसलेला! "अरे, हा माणूस आहे का टाकी?" तो ओरडला आणि टाळ्यांचा नुसता पाऊस पडला.

तेव्हाच "हे माझे नाहीत हो" असं म्हटलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण कालपर्यंत ज्याला कुणी ओळखतही नव्हतं, त्याला सगळ्या खोलीनं अचानक डोक्यावर घेतलं होतं. हरभऱ्याच्या झाडावरून आपण होऊन खाली कोण उतरतो? त्यानं टाळ्या तशाच घेतल्या. पण मग नाव निभावणं आलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं व्हायला नको म्हणून टाकी खरोखर प्यायला शिकला. मुलगा मुळात अभ्यासू, त्यामुळे हेही मन लावूनच शिकला.

त्याच्या खोलीत पैलवान राहायचा. अंगानं काडी, म्हणून त्याचं नाव पैलवान. जीवाला जीव देणारा मुलगा, पण हट्टाला पेटला की देवाचंही ऐकायचा नाही. "आज टाकीच्या बरोबरीनं," असं तो दर पार्टीत जाहीर करायचा. टाकीनं एक संपवला की यानंही एक संपवलाच. मग तो आडवा व्हायचा आणि पोरं पोट धरून हसायची. टाकीही हसायचा.

दुसऱ्या वर्षी प्लास्टिकच्या दाढेत ड्रिलनं खड्डा कोरायचं प्रॅक्टिकल होतं. रात्रीच्या पार्टीनंतर एका सकाळी टाकीच्या हातातलं ड्रिल थरथरलं आणि दाढेची भिंतच उडाली. मॅडम मागेच उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. "पुढच्या वर्षी या दाढेच्या जागी माणूस असणार आहे," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. टाकीही घाबरला, पण त्याहून जास्त त्याला एका प्रश्नानं पछाडलं. समजा आपण प्यायलोच नाही, तर ही पोरं आपल्याला विचारतील का? दारू काढून घेतली तर टाकीत उरतं काय? विचारायचं तरी कुणाला? शेवटी त्यानं ठरवलं, स्वतःच करून बघायचं.

परीक्षा संपली त्या दुपारी खोलीतच बैठक जमली. टाकीनं आपला ग्लास आपणच भरला. नुसता कोला, वर बर्फ. मग तो भिंतीला टेकून बसला आणि चोरासारखा एकेकाचे चेहरे न्याहाळू लागला. कुणाला पत्ताच नाही! त्याच्या फुसक्या विनोदांवर नेहमीसारखंच हसणं, नेहमीसारखीच पाठीवर थाप. "टाकी आज फॉर्मात आहे," कुणीतरी म्हणालंसुद्धा. टाकीच्या आनंदाला पारावार उरला नाही. उन्हाळ्याचे दिवस, घसा कोरडा, वर हा शोध लागलेला. तो घटाघट ग्लास रिकामे करत सुटला.

शेजारी पैलवान बसला आहे, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

पैलवान कलंडला तेव्हा पोरं सवयीनं हसली. "झोपू दे, उतरेल," एक जण म्हणाला. टाकीनं त्याला हलवलं, तर मान लुळी. ओठ निळसर पडलेले, श्वास थांबत थांबत येणारा. त्या खोलीत पूर्ण शुद्धीत असा एकटा टाकीच होता. त्यानं पैलवानला कुशीवर वळवलं, ओरडून गाडी मागवायला सांगितली, आणि ती येईपर्यंत त्याच्या छातीवर हात ठेवून प्रत्येक श्वासाची वाट पाहत बसला. एवढी भीती त्याला जन्मात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात पैलवाननं डोळे उघडले. हाताला सलाईन, चेहरा पांढराफटक. शेजारी टाकी बसलेला पाहून तो कसनुसा हसला.

"हरलो ना रे परत?"

टाकीला क्षणभर वाटलं, हो म्हणावं आणि मोकळं व्हावं. नाव राहील, मित्रही राहील. पण उद्या हा पुन्हा बरोबरी करायला बसेल.

"मी काल प्यायलोच नव्हतो," तो म्हणाला. "कोला होता तो. कुणाला कळतंय का, ते बघत होतो. तू... तू एकटाच पीत होतास."

पैलवाननं तोंड भिंतीकडे फिरवलं. नर्स आली, सलाईनची बाटली बदलून गेली, तरी त्याची पाठ तशीच. आता हा आपल्याशी आयुष्यात बोलणार नाही, असं टाकीला वाटलं.

"मला दारू आवडतसुद्धा नाही रे," भिंतीकडे बघतच पैलवान म्हणाला. "पहिल्या दिवसापासून नाही. वाटायचं, तुला आवडते, तर माझ्यातच काहीतरी कमी असणार."

टाकीनं खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"मलापण नाही," तो म्हणाला.