फुटबॉलला माणसं जमवताना

अभिमानाच्या गोष्टी सांगायच्या तर आठवाव्या लागतात. लाजेच्या मात्र आपोआप साठत जातात, स्वयंपाकघराच्या दारामागे पिशव्या साठतात तशा. एक ओढायला जावं तर दहा बाहेर पडतात. आमच्या स्टाफरूममध्ये कुणी नुसतं ‘फुटबॉल’ म्हटलं तरी मी आणि देवरे सर एकमेकांकडे बघतो आणि गुपचूप चहा प्यायला लागतो.

मी नाशिकच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. फुटबॉलशी माझा संबंध इतकाच, की आमच्या स्टाफरूमची खिडकी मैदानाकडे उघडते. देवरे सर खेळाचे शिक्षक. मूळचे सटाण्याकडचे. शांत असले की पुस्तकासारखं मराठी बोलतात आणि तापले की अहिराणी.

गेल्या हिवाळ्यात संस्थेच्या चिटणीस साहेबांनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं, "एवढं मोठं मैदान, आणि मॅच बघायला चिटपाखरू येत नाही. त्यापेक्षा लग्नाला भाड्याने देऊ, लॉन्स करू. या सीझनला पब्लिक दिसलं तर ठीक, नाहीतर टीम बंद."

टीम बंद म्हणजे नुसता खेळ बंद नव्हे. आमची निम्मी मुलं पेठ-सुरगाण्याकडची. त्यांना हॉस्टेलची खोली मिळते ती खेळाडू म्हणून. टीम गेली की खोली गेली, आणि खोली गेली की नाशकात राहून शिकणंही गेलं. कॅप्टन गोविंद आमचा गोलकीपर, शेवटच्या वर्षाला. तो मला जिन्यात भेटला आणि म्हणाला, "मॅडम, परीक्षेपर्यंत तरी खोली राहील ना?"

"राहील," मी ठणकावून सांगितलं. कशाच्या जोरावर सांगितलं, ते मला आजही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी ‘प्रेक्षक संपर्क समिती’ काढली. सभासद दोन, मी आणि देवरे सर.

*

पहिली मॅच आम्ही जशी होईल तशी होऊ दिली, म्हणजे मुळात किती लोक येतात ते कळावं. आले ते फक्त फिरायला येणारे. गंगापूर रोडकडच्या बंगल्यांमधली ही मंडळी वर्षानुवर्षं आमच्या मैदानाला चकरा मारतात. मॅच आहे म्हणून रस्ता बदलण्याची त्यांना सवय नाही.

आम्हाला कॉर्नर मिळाला. चेंडू हवेत, दोन्हीकडची पोरं उडी मारायच्या तयारीत, आणि एक रिटायर्ड काका कानटोपी घालून नेमके गोलसमोरून चालले. सगळे थांबले. काकांनी मोठ्या मनाने हात हलवला, "चालू द्या, चालू द्या. माझी काही अडचण नाही."

चिटणीस साहेबांना पाठवायच्या फोटोत प्रेक्षक म्हणून तेच एक आले.

*

मग प्राचार्य म्हणाले, आपलीच मुलं का येत नाहीत? हजेरी मैदानावर घ्या. त्या दिवशी एफवाय-एसवायची सगळी पोरं ओळीने पायऱ्यांवर बसली. मैदान असं भरलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. गोविंदने गोलमधून वळून पाहिलं आणि आनंदाने हातमोजे एकमेकांवर आपटले.

आम्ही हजेरी सुरुवातीलाच घेतली. मॅच सुरू झाली तोवर पायऱ्यांवर उरले ते आम्ही दोघं. कुठे चाललात म्हणून अहिराणीत ओरडत देवरे सर गेटपर्यंत धावले, "कथा चालनात रे? कथा चालनात?" एक पोरगा बाईकला किक मारता मारता म्हणाला, "सर, प्रेझेंट झालो ना."

पुढच्या मॅचला आम्ही हुशारी केली आणि हजेरी शेवटी ठेवली. मॅच संपली, आमची टीम हरून मान खाली घालून बाहेर येत होती, आणि त्याच वेळी गेटमधून चारशे पोरं आत येत होती. समोर खेळाडू दिसले म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. गोविंद सगळ्यांना "थँक्यू, थँक्यू" म्हणत गेला. 

*

कॉलेजची पोरं नकोतच, समाजात जाऊ, असं देवरे सरांनी ठरवलं. नाशकातल्याच अंबड एमआयडीसीत त्यांचा एक भाचा कंपनीत आहे. शिफ्ट सुटायच्या वेळी आम्ही जर्सी घातलेली पोरं घेऊन कंपनीच्या गेटवर उभे राहिलो. कामगार फार प्रेमाने बोलले. येतो म्हणाले आणि खरोखरच आले. नाईट करून सकाळच्या मॅचला थेट आले, हातात डबे घेऊन.

थंडीचे दिवस, पायऱ्यांवर छान कोवळं ऊन. पहिल्या दहा मिनिटांत सगळे आडवे. डबे उशाला. आमच्या समितीने आणलेला हा पहिला खरा समुदाय, आणि तो घोरत होता.

तेवढ्यात आम्ही गोल मारला. मी आणि देवरे सर ओरडलो. एकाने डोळ्यावरचा रुमाल जरा वर केला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "हळू ना सर. लय दिवसांनी अशी झोप लागली."

त्यानंतर आम्ही उरलेली मॅच कुजबुजत पाहिली.

*

आता हळदी-कुंकवाचं सांगते. ही कल्पना माझी, त्यामुळे देवरे सरांना यात ओढत नाही.

जानेवारी होता. घरोघरी हळदी-कुंकू चाललेलं. मी म्हटलं, मैदानावरच ठेवू. आसपासच्या सोसायट्यांमधल्या बायका येतील, त्यांच्याबरोबर मुलं येतील, पायऱ्या भरतील. आणि भरल्या! काळ्या साड्या, गजरे, तिळगूळ, एका टेबलावर वाणाला चहाच्या गाळण्या. मैदानाकडे पाठ असली तरी गर्दी ती गर्दी.

समोरच्या टीमची कोच बाई होती. तरुण, ट्रॅकसूट घातलेली, गळ्यात मंगळसूत्र आणि शिट्टी. लाइनवर उभी राहून पोरांना ओरडून सूचना देत होती. आमच्या लायब्ररीच्या मॅडमना ती दिसली. सवाष्ण दारी आलेली, तिला हळदी-कुंकवाशिवाय कसं सोडायचं? दोघीतिघींनी जाऊन तिला हाताला धरून आणलं. ती "मॅच आहे हो, मॅच आहे" म्हणत होती. "दोन मिनिटं गं, नाही म्हणू नये," म्हणत आमच्या बायकांनी तिला खुर्चीत बसवलं. हळदी-कुंकू झालं, अत्तर झालं, गुलाबपाणी शिंपडलं, ओटी भरली. नाव घ्यायचाही आग्रह झाला. ती बिचारी उखाणा आठवत असताना मागे तिच्या पोरांचा गोंधळ उडाला, कारण बदली खेळाडू कुणाला उतरवायचं ते सांगायला कुणी नव्हतं. आम्ही गोल मारला.

ती एका हातात ओटी आणि दुसऱ्या हातात गाळणी घेऊन लाइनवर परत गेली. गोल लिहायच्या फळ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"वाण पोचलं, मॅडम," म्हणाली.

तो सामना आम्ही जिंकलो. गोविंदने संध्याकाळी मला विचारलं, "मॅडम, तो गोल परत करता येत नाही का?" मी हसून वेळ मारून नेली.

*

ढोलपथकाचं थोडक्यात सांगते, कारण त्या दिवशी काही ऐकूच आलं नाही. पथक आमच्याच माजी विद्यार्थ्यांचं, फुकट वाजवायला तयार. ढोल सुरू झाला आणि रस्त्यावरची माणसं आत यायला लागली. पण रेफ्रीची शिट्टी कुणालाच ऐकू येईना. त्याने फाउल दिला, पोरं खेळतच राहिली. त्याने हाफ टाइम केला, पोरं खेळतच राहिली. शेवटी तो पथकासमोर जाऊन दोन्ही हात वर करून थांबा, थांबा करायला लागला. पथकाला वाटलं साहेब रंगात आले. त्यांनी ठेका वाढवला.

देवरे सर माझ्या कानात ओरडले, "मॅडम, त्याला एक फेटा बांधून टाकू."

रेफ्रीने युनिव्हर्सिटीकडे तक्रार केली. प्राचार्यांनी त्याला शाल देऊन ती मिटवली.

*

मालेगावच्या टीमबरोबर मैत्रीपूर्ण सामना ठेवला, त्या दिवशी मात्र मैदान खरंच भरलं. त्यांचे लोक त्यांच्याबरोबर आले. गाड्या करून, मोटारसायकलींवर, म्हातारे, पोरं, यंत्रमागावर सुट्टी टाकून आलेले. त्यांना खेळ कळत होता. चांगला पास दिला की तो कुणाचाही असो, "वाह" म्हणत होते. आमच्या बाजूच्या पायऱ्यांवर मी, देवरे सर आणि वॉचमन.

प्राचार्यांनी त्या गर्दीचे भराभर फोटो काढले आणि तिथूनच चिटणीस साहेबांना पाठवले. खाली लिहिलं, ‘आमचे उत्साही प्रेक्षक’. मी शेजारीच होते. काही बोलले नाही, कारण मला गोविंदची खोली दिसत होती.

हाफ टाइमला त्यांच्यातले एक पांढऱ्या दाढीचे चाचा माझ्याजवळ आले. आमच्या रिकाम्या पायऱ्यांकडे पाहत त्यांनी कुणी वारलेल्या घरी आणावा तसा आवाज खाली आणला, "मॅडम, आज कॉलेज में कोई ग़मी हो गई क्या?"

"नहीं," मी म्हटलं.

मग त्यांनी गोलकीपरचं नाव विचारलं. दुसऱ्या हाफमध्ये मालेगावची निम्मी माणसं उठून आमच्या बाजूला येऊन बसली आणि शेवटपर्यंत "गोविंदभाई, गोविंदभाई" करत राहिली.

*

आता शेवटचा सामना. चिटणीस साहेब स्वतः येणार होते आणि तिथेच निर्णय सांगणार होते. प्राचार्यांनी मंडप घातला, पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्या मांडल्या, शहरातली पाहुणेमंडळी बोलावली. पण पाहुणे म्हणजे पब्लिक नव्हे. देवरे सर म्हणाले, "गोविंदच्या गावची माणसं दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांवर कामाला आलेली आहेत. त्यांना बोलवू."

गोविंद जरा घुटमळला. "येतील मॅडम. पण त्यांचा खाडा होईल."

"अरे, आपल्या मुलाचा खेळ बघायला कुणाला आवडणार नाही?" मी म्हटलं.

दोन पिकअप भरून माणसं आली. बाया, बापे, धुतलेले कपडे, बायांच्या केसांत फुलं. गोविंदचे वडील सोमाभाऊ सगळ्यात पुढे. मी त्यांना खुर्चीवर बसा म्हटलं. त्यांनी त्या पांढऱ्या कव्हरांकडे पाहिलं आणि म्हणाले, "नको. हिथून चांगला दिसतं." मग सगळे गोलच्या बाजूला गवतावर बसले. मीही जास्त आग्रह केला नाही, पाहुण्यांना खुर्च्या कमी पडत होत्या.

आख्ख्या सीझनमध्ये पूर्ण मॅच बघणारं पब्लिक मी तेवढंच पाहिलं. ओरडणं नाही, टाळ्या नाहीत. चेंडू गोविंदकडे यायला लागला की सगळे एकदम अर्धवट उठायचे, आणि त्याने अडवला की एकदम खाली बसायचे. गोविंदने त्या दिवशी एकही जाऊ दिला नाही.

मग भाषणं. सूत्रसंचालन माझ्याकडे. चिटणीस साहेब खुशीत होते. त्यांनी पाहुण्यांचे आभार मानले, प्राचार्यांचे मानले, माईकवाल्याचे, चहावाल्याचे मानले. मग गोलच्या बाजूला हात करून म्हणाले, "आणि ते बघा, तिकडे गवतावर बसलेले आपले मंडपवाले कष्टकरी बांधव. सकाळपासून खुर्च्या लावून दमलेत बिचारे. त्यांच्यासाठीही एकदा जोरदार टाळ्या!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी पुढे झाले. प्राचार्य माझ्या कानाशी पुटपुटले, "मॅडम, आधी निर्णय होऊ द्या." निर्णय अजून व्हायचा होता. मी मागे झाले.

ती माणसं एकमेकांकडे पाहत राहिली. मग सोमाभाऊ उठले, कपड्यांना लागलेलं गवत झटकलं आणि मागच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्या एकात एक घालायला लागले. त्यांच्यामागून बाकीचे उठले. बाया कव्हरं काढून घड्या घालायला लागल्या. पुढच्या रांगेतले काही पाहुणे समजूतदारपणे उठले आणि त्यांनी आपल्या खुर्च्या मोकळ्या करून दिल्या. गोविंद टीमच्या रांगेत उभा होता. तो कुणाकडे न बघता रांगेतून निघाला आणि हातमोजे न काढताच वडिलांच्या शेजारी खुर्च्या उचलायला लागला.

तिकडे साहेबांनी जाहीर केलं, मैदान राहील, टीम राहील, मुलांची सोय राहील. टाळ्या झाल्या. गोविंदच्या माणसांनी वाजवल्या नाहीत, त्यांचे हात मोकळे नव्हते. मी माईकवर म्हटलं, "यानंतर सर्वांनी अल्पोपाहार घ्यावा."

पाहुणे गेल्यावर मी पिकअपपाशी गेले. काय बोलायचं ते मनात जुळवत होते. सोमाभाऊंनीच विचारलं, "पोराची खोली राहली ना, मॅडम?"

"राहिली."

"मंग बरा झाला." ते पिकअपमध्ये चढले. बसता बसता वळून म्हणाले, "पुढल्या मॅचला खुर्च्या सकाळीच लावायच्या का? आमी लवकर निंघू."